तान्हा पोळ्यात बक्षीस ठेवायचं की नाही?

मानेवाडा_लेआउट (धागाकर्ता) · रविवार, दुपारी ४:१२

मंडळी, प्रश्न छोटा वाटेल, पण आठ दिवसांपासून डोक्यात फिरून राहिला आहे.

आमच्या लेआउटमध्ये पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा असते, दुसऱ्या दिवशी लहान मुलं चाकांचे लाकडी बैल, म्हणजे नंदी, सजवून दोरीनं ओढत आणतात. तोरण, पूजा, मग घरोघरी नंदी घेऊन फिरायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. तिकडे नागपूरच्या महाल-इतवारीत त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) निघते, म्हणून मोठी माणसं अर्धी तिकडे असतात. आमच्याकडे सातआठ वर्षांपासून नंदीच्या सजावटीला आणि मुलांच्या वेशभूषेला बक्षिसं आहेत.

मागच्या वर्षी राडा झाला. पहिला आलेला नंदी छातीइतका उंच, एका दिवसाच्या भाड्यानं आणलेला, सजवायला माणूस लावलेला. पोराच्या हातात फक्त दोरी. परीक्षक सचिवांचे साडू. दुसऱ्या नंबरच्या मुलाच्या आईनं माईकवरच विचारलं, "बक्षीस पोराले की डेकोरेशनवाल्याले?" पुढचं लिहीत नाही. तिसऱ्या गल्लीतल्या सहा घरांनी जाहीर केलं की आमचा पोळा आम्ही वेगळा भरवू. ती घरं दसऱ्याला सोनं द्यायलाही आली नाहीत.

यंदा समिती माझ्या गळ्यात आहे. मी प्रस्ताव ठेवला: बक्षिसं बंद, सगळ्यांनी मिळून एकच मोठं तोरण करायचं, सगळ्या मुलांना सारखा बोजारा. अर्धी मीटिंग हो म्हणाली. घरी सांगितलं तर माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणते, "बक्षीस नाही तर मी सजवू कशाला?"

मागच्या वर्षी तिनं चार रात्री बसून शिंगांना बांगड्यांच्या काचा चिकटवल्या होत्या. बक्षीस मिळालंच नव्हतं. तरी हे वाक्य. मी गारच पडलो. स्पर्धेमुळे माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली हे खरं, आणि स्पर्धेमुळेच ती पोरगी चार रात्री बसली हेही खरं. तुम्ही काय केलं असतं? नुसतं पोळ्यापुरतं नाही, एकूणच सांगा. मिळून करणं हे चढाओढीपेक्षा चांगलं असं जे आपण मुलांना शिकवतो, ते खरंच तसं आहे का?

---

तर्रीपोहे · रविवार, ४:३१

बक्षीस बंद केलं तं पोट्टे येतीन कायले बावा? सारखा बोजारा म्हंजे रेशनची लाईन. मी लहानपणी तीन वर्सं लागोपाठ हारलो, पन चौथ्या वर्सी गावातल्या सुताराच्या दारात दोन दिवस बसून नंदी बनवून आनला. त्याहीवर्सी हारलो. तो नंदी अजून घरी हाये.

---

खामला_चौक · रविवार, ५:०५

तर्रीभाऊंशी सहमत. माझ्या वडिलांनी टेलिफोनसाठी अर्ज केला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, फोन घरी आला तेव्हा मी कॉलेजात. एकच दुकान, तेही सरकारी, कोणाशी चढाओढ नाही, सगळे रांगेत समान. नंतर कंपन्या एकमेकींच्या मागे लागल्या आणि आज भाजीवाल्याच्या हातात दोन सिमचा फोन आहे. हे कोणाच्या परोपकारानं झालेलं नाही.

आणि आपल्या नागपूरचंच बघा. दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक घेऊन आली, ग्रँडमास्टर झाली. सारखा बोजारा वाटून हे होत नाही. मुलांना हरायला शिकवा, बक्षीस काढू नका.

---

काटोलचा_बागवाला · रविवार, रात्री ९:४८

दिवसभर बागेत होतो, आता लिहितो. लांबेल.

खामलाभाऊ, चढाओढीनं काय होते ते आमच्या पट्ट्यात येऊन पाहा. माझ्या आजोबांची विहीर होती, मोटेची. संत्र्याला तेवढी पुरे. मग शेजाऱ्यानं बोअर मारला, विहिरीचं पाणी खाली गेलं. आम्ही त्याच्यापेक्षा खोल मारला, त्याचा आटला. त्यानं अजून खोल. जमिनीखालचं पाणी काही कोणाच्या सातबाऱ्यावर नसते, जो खोल जाते तो घेते. वरूड-मोर्शीकडे तर याच शर्यतीत सगळा पट्टा ड्राय झोन झाला. उन्हाळ्यात बागा वाळल्या, लोकांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं तोडून सरपणाला विकली. यात एकही माणूस वाईट नव्हता. प्रत्येकानं आपल्या झाडांपुरता बरोबर विचार केला. गाडीवाला मात्र जिंकला, बोअरच्या गाडीवाला.

आता उलट ऐका. मृग बहाराचा माल घेऊन बाजारात गेलो. लिलाव म्हणजे खरेदीदारांची चढाओढ, त्यातच आमचं भलं. पण एखाद्या दिवशी बोली लावणारे सगळे कसे एकदम थंड. एक जण भाव बोलते, बाकीचे मोबाइल पाहतात. दुसऱ्या ढिगावर दुसऱ्याची पाळी. त्यांचं आपसात किती छान जमते म्हणून सांगू! सकाळी चहा एकत्र, संध्याकाळी हिशेब एकत्र. सहकार्यच आहे ना ते? त्याच्यात मी मेलो.

म्हणून मला हा प्रश्नच समजत नाही. पाण्यात चढाओढ झाली म्हणून बुडालो, लिलावात चढाओढ झाली नाही म्हणून बुडालो.

अवांतर: आमच्या लोकांनी एकत्र येऊन पाहिलं नाही असंही नाही. नोगाचा जॅम तुम्ही खाल्ला असेल. ते नाव म्हणजे नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनची आद्याक्षरं. बागवाल्यांची संस्था होती, आज तो ब्रँड कृषी उद्योग महामंडळाकडे आहे. बाटलीवर नाव आमचं, बाग अजून ठोक्यानं व्यापाऱ्याला.

---

काळा_कोट · रविवार, १०:२०

बागवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं. त्यांनी जे सांगितलं त्याला बाजारात 'रिंग' म्हणतात आणि ते बेकायदा आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्यात भाव संगनमतानं ठरवायला बंदी आहे. त्यात एक गंमत आहे: टोळीतला जो पहिला येऊन कबूल करील त्याला दंडात मोठी सूट मिळू शकते. म्हणजे सरकारच त्यांना एकमेकांचा विश्वासघात करायला बक्षीस देतं! इथे विश्वासघात हे सामाजिक पुण्य.

आणि हे नवीन नाही. व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत, शेतकऱ्याला शेवटपर्यंत कळत नसे किती बोटं दाबली. अशा बाजाराला शिस्त लावायला वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला तो १८९७ साली. स्पर्धा आपोआप होत नसते हो. तिला कुंपण घालून, राखण करून ठेवावी लागते. मोकळी सोडली की ती एक तर बोअरसारखी खोल जाते, नाहीतर चहाच्या टेबलावर येऊन मिटते.

---

सदरचा_सोम्या · रविवार, ११:०२

सहकार, सहकार! 'विना सहकार नाही उद्धार' असं पाटीवर लिहिलेल्या एका पतसंस्थेत आईचे निवृत्तीचे पैसे अडकलेत. संचालक मंडळात सगळे एकमेकांचे सोयरे, एकमेकांना कर्जं, एकमेकांना जामीन. स्वाहाकार म्हणतात त्याला. मला कोणी मिळूनमिसळूनचं कौतुक सांगू नये.

---

गणितवाल्या_बाई · सोमवार, सकाळी ६:५५

शाळेला निघायच्या आधी लिहिते आहे, चुका पोटात घाला.

१९८० च्या आसपास अमेरिकेत रॉबर्ट ॲक्सेलरॉड नावाच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी संगणकांची स्पर्धा लावली. खेळ असा: दोन खेळाडू, दोघांनाही प्रत्येक वेळी ठरवायचं, साथ द्यायची की दगा. दोघांनी साथ दिली तर दोघांना बरे गुण. एकानं दगा दिला तर त्याला भरघोस, दुसऱ्याला भोपळा. दोघांनीही दगा दिला तर दोघांना किरकोळ. एकदाच खेळायचं असेल तर दगा देणाराच शहाणा. पण हा खेळ त्याच जोडीत पुन्हा पुन्हा होतो. चौदा तज्ज्ञांनी आपापले प्रोग्राम पाठवले. काही फार धूर्त होते. जिंकला सगळ्यात छोटा, अनातोल रापोपोर्ट यांचा. नियम दोनच: पहिल्यांदा साथ द्या, नंतर समोरच्यानं मागच्या वेळी जे केलं तेच करा. दुसऱ्या वेळी बासष्ट प्रोग्राम आले, सगळ्यांना आधीचा निकाल माहीत होता, तरी पुन्हा तोच पहिला.

मुलांना मी हे शिकवते तेव्हा एका ठिकाणी थांबते, तुम्हीही थांबा. या प्रोग्रामनं समोरच्या खेळाडूपेक्षा जास्त गुण एकाही डावात मिळवले नाहीत. मिळवूच शकत नाही, कारण तो आपणहून कधी दगा देत नाही. प्रत्येक डावात बरोबरी नाहीतर थोडी हार. आणि एकूण बेरजेत पहिला!

पण त्याला एक खोड आहे. चुकून एकदा दगा झाला, किंवा साथीलाच समोरचा दगा समजला, की दोघे एकमेकांची परतफेड करत बसतात, थांबतच नाहीत. धागाकर्ते, तुमची तिसरी गल्ली आठवली. कोणीतरी एकदा विनाअट सोनं देऊन यायला लागेल. ती माणसं वीस वर्षं तुमच्या शेजारी राहणार आहेत, तुमचा डाव एकदाचा नाही.

सोम्या, तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. पण त्या पतसंस्थेत आईंना परतफेडीची संधीच नव्हती, त्यांना संचालकांचा व्यवहार दिसतच नव्हता. ते झाकण होतं, सहकार नव्हता.

---

तर्रीपोहे · सोमवार, ७:३०

बाई, मी तं हारूनच राह्यलो, माही बेरीज कधी येते पहिली? 😄

---

इंदोरा_चौक · सोमवार, रात्री ८:१५

दोन दिवस वाचतोय. सगळे मिळून करण्याविषयी फार गोड बोलून राहिले आहेत, म्हणून थोडं कडू.

मिळून म्हणजे कोणी कोणी मिळून? जातीइतकी मिळून चालणारी संस्था या देशात दुसरी नाही. आत असलेल्याला लग्नापासून नोकरीपर्यंत सगळं. एकमेकांचा माल घेतात, एकमेकांची पोरं लावून देतात, अडीअडचणीला धावतात. आतून बघाल तर सहकार्याचा आदर्श. बाहेर कोण उभं होतं ते आम्हाला विचारा.

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्यांना घेत नसत. ही मालकापेक्षा सोबतच्या कामगारांची अट होती. १९२८ च्या संपात कामगारांची एकजूट एकजूट म्हणून जयघोष चालू असताना बाबासाहेब नेमका हाच प्रश्न विचारत होते, की या एकजुटीत आमचा माणूस मागावर बसणार का.

माझे वडील रेल्वेत लागले ते लेखी परीक्षा देऊन. त्या पेपरवर नाव नव्हतं, नंबर होता. तपासणाऱ्याला त्यांचं आडनाव कळलं असतं तर काय झालं असतं ते सांगत नाही. आमच्या गल्लीत स्पर्धा परीक्षा हा शब्द लोक वेगळ्या तोंडानं उच्चारतात. ज्याचा कोणी काका-मामा साहेब नाही त्याच्यासाठी उघडी, नियमाची स्पर्धा हीच पहिली माणुसकी होती. अर्थात ती एकट्या स्पर्धेनं आली नाही, आधी राखीव जागा आल्या, शिष्यवृत्ती आली, म्हणजे शर्यतीच्या रेषेपर्यंत पोचता आलं.

आणि तरी १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जे लाखो लोक आले ते कोणाला हरवायला आले नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता वेगवेगळी करता येत नाहीत असं मांडलं. बंधुता म्हणजे तुमच्या लेआउटचं स्नेहसंमेलन नव्हे. जो तुमचा नाही त्याच्याशी कसं वागता, तिथे ती सुरू होते.

म्हणून धागाकर्त्याला एक साधा प्रश्न. 'सगळ्या मुलांना सारखा बोजारा' असं लिहिलंत. सगळ्या म्हणजे कोणत्या? लेआउटच्या मागे वस्ती असेलच, मानेवाड्याकडे असते. तिथली पोट्टी येतात का?

---

खामला_चौक · सोमवार, ९:०१

इंदोराभाऊ, मी स्पर्धेच्या बाजूनं बोलत होतो, पण हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. माझी बाजू माझ्यापेक्षा तुम्ही चांगली मांडली, आणि मलाच अडचणीत टाकलं.

---

भंडाऱ्याची_लेक · सोमवार, १०:४०

काटोलच्या बागवाल्यांचं पाणी वाचून राहवलं नाही. आमच्याकडे पूर्व विदर्भात मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारे गावचे जमीनदार). भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारोंनी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले. पाणी कोणाच्या बांधीला आधी, कोणाच्या नंतर, पाट कोणी साफ करायचा, हे ठरलेलं असे. तिथे बोअरसारखी शर्यत लागली नाही.

अमेरिकेत गॅरेट हार्डिन नावाच्या शास्त्रज्ञानं १९६८ मध्ये लिहिलं की सामायिक कुरण म्हणजे नासाडी ठरलेली, कारण प्रत्येक जण एक गाय जास्त सोडणार. बागवाल्यांचा बोअर तोच. पण एलिनोर ऑस्ट्रॉम या बाईंनी गावोगावची पाटपाण्याची, मासेमारीची, जंगलाची उदाहरणं अभ्यासून दाखवलं की असं ठरलेलं काही नसतं. लोक स्वतः नियम करतात, स्वतः पहारा देतात आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं, त्या विषयात मिळालेली पहिली बाई. त्यांनी सांगितलेल्या अटींतली मला आवडते ती ही: पहिल्या चुकीला दंड अगदी लहान, वारंवार केली तर वाढत जाणारा. बाईंच्या संगणकाला हे जमलं असतं तर परतफेडीचं चक्र थांबलं असतं.

पण मामा तलावाचंही फार गोडवं गाऊ नये. मालगुजार वेठीला धरायचा, तलाव त्या वेठीतूनही उभे राहिले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, मग ते कोणाचेच उरले नाहीत, गाळानं भरले. आता आमच्या गावच्या तलावात ढिवरांच्या सोसायटीला मासे हवेत म्हणून पाणी राखायचं असतं आणि धानवाल्यांना शेवटचं पाणी सोडायचं असतं. दर वर्षी भांडण. तरी बसून ठरवतात, कारण दोघांनाही तोच तलाव.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा तर मतदानच घेत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बसते. बहुमताला ती लोकं जिंकणं-हरणं समजतात. लेआउटच्या मीटिंगमध्ये हे करून बघा, रात्रीचे दोन वाजतील.

---

काटोलचा_बागवाला · सोमवार, ११:१०

ताई, जमिनीवरचं पाणी डोळ्याला दिसते, म्हणून बसून ठरवता येते. खालचं दिसत नाही. शेजारी किती उपसते ते मला त्याची बाग हिरवी राहिली तेव्हाच कळते. तिथे पहारा कोण देईन?

---

मानेवाडा_लेआउट (धागाकर्ता) · मंगळवार, रात्री ९:३०

इंदोराभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर दिवसभर टाळलं, आता देतो. मागे वस्ती आहे. तिथली मुलं येतात, गेटच्या बाहेर उभी राहतात. आमच्या पत्रकावर 'फक्त सभासदांच्या पाल्यांसाठी' असं छापलेलं आहे. सात वर्षं मीच प्रूफ वाचतो. वर्गणी सभासदांची असते, म्हणून ते मला कधी खटकलं नाही. बक्षिसाच्या बाजूचे आणि माझ्यासारखे बक्षिसाच्या विरोधातले, दोघांच्याही पत्रकात ती ओळ होती.

आज ती काढली. दोन सभासदांनी वर्गणी परत मागितली. दिली.

बाकी: बक्षिसं ठेवतो आहोत. नियम मुलांनाच करायला बसवलं. त्यांनी ठरवलं ते असं: नंदी गुडघ्याच्या वर नको, भाड्याचा नको, मोठ्यांनी हात लावलेला पकडला तर पहिल्यांदा नुसती ताकीद (भंडाऱ्याच्या ताई, हे मी सुचवलं नव्हतं). परीक्षक नाहीत, मुलंच मत देणार, स्वतःला मत द्यायचं नाही. तिसऱ्या गल्लीत मी काल करंज्या घेऊन गेलो. दार उघडलं, करंज्या घेतल्या, आत या म्हणाले नाहीत.

---

मानेवाडा_लेआउट (धागाकर्ता) · तान्हा पोळा, रात्री १०:५५

थकून लिहितो आहे. मागच्या वर्षीपेक्षा दुपटीनं मुलं. वस्तीतली बरीच आली, काही गेटपाशीच थांबली, आत या म्हटलं तरी आली नाहीत. सात वर्षांची सवय आहे, माझीच.

मतदानाचा मात्र बट्ट्याबोळ. चौथीतल्या पाच पोरांनी आधीच आपसात ठरवून घेतलं होतं, तू याला दे, तो मला देईल. एका पोराचा नंदी, ज्याला चाकं तीनच होती, तो पहिला आला. माझी मुलगी सातवी. ती तेव्हापासून चिडली आहे, हरल्याबद्दल नाही, "मला का नाही विचारलं त्यांनी" याबद्दल.

तिसऱ्या गल्लीनं वेगळा पोळा भरवलाच. त्यांचं बक्षीस आमच्यापेक्षा मोठं होतं. पण बोजाऱ्याला त्यांची पोट्टी आमच्या दारात आली आणि आमची त्यांच्या. साडेसातलाच सुटे संपले, चौकातल्या पानठेल्यावरून दहाच्या नोटा आणाव्या लागल्या.

---

तर्रीपोहे · तान्हा पोळा, ११:०२

म्हंजे पोट्ट्यांनी रिंग केली! बागवाले भाऊ, यांले कळमन्यात लिलावाले पाठवा. आन् काळा कोटवाले वकीलसाहेब, जो पहिला कबूल करीन त्याले एक करंजी जास्त.